आमिषाचा मासा

मोठा मासा हवा असेल तर आधी छोटा पकडावा लागतो, हे मासेमारांना चांगले ठाऊक असते. पण गळाला लावण्याच्या अशाच एका छोट्या माशाने जीवशास्त्राच्या इतिहासातही स्थान मिळवले आहे. त्याचे नाव ममीचॉग, शास्त्रीय नाव फंड्युलस हेटेरोक्लायटस.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाड्यांत तो थव्याने राहतो. तेथील मूळ रहिवाशांच्या नॅरागॅन्सेट भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच 'घोळक्याने जाणारे' असा आहे. लांबी बोटाएवढी. तो धरायला होडी नको की मोठे जाळे नको. तारेच्या जाळीचा डबा, दोन्ही टोकांना आत निमुळती होत गेलेली नरसाळी आणि आत पावाचे तुकडे किंवा फोडलेला शिंपला, एवढे पुरते. भरतीच्या पाण्याबरोबर मासे आत शिरतात. आतले अरुंद भोक मात्र त्यांना परत सापडत नाही. आपल्याकडे भातखाचरांच्या बांधाशी लावतात त्या बांबूच्या सापळ्याचे तत्त्व हेच. ममीचॉग ओल्या समुद्रशैवालात ठेवला तरी बराच वेळ जगतो. म्हणून स्ट्राइप्ड बाससाठी तो जिवंत आमिष ठरतो.

बासचे मोल मोठे होते. तो शेतात खत म्हणून वापरू नये असा कायदा मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1639 मध्ये केला. 1670 मध्ये तर प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल व हेरिंग मासेमारीचे उत्पन्न मोफत शाळेसाठी राखून ठेवले!

ममीचॉग मुबलक, चिवट आणि सहज मिळणारा. आमिषासाठी सोयीचे असलेले हेच गुण वुड्स होल येथील संशोधकांनाही सोयीचे ठरले. 1900 च्या सुमारास जॅक लोएब यांनी त्याची फलित अंडी वेगवेगळ्या द्रावणांत ठेवली. ऊर्ध्वपातित पाण्यात ती वाढली. समुद्राइतकी तीव्रता असलेल्या शुद्ध मिठाच्या द्रावणात मात्र ती वाढेनात. त्याच द्रावणात थोडा कॅल्शियमचा क्षार घालताच वाढ होऊ लागली. सजीवाला क्षारांचे केवळ प्रमाण नव्हे, तर त्यांचा परस्पर समतोलही महत्त्वाचा असतो, हे यातून दिसले. पुढे 1973 मध्ये स्कायलॅबवर गेलेला ममीचॉग हा अवकाशात पोहोचलेला पहिला मासा ठरला.

अलीकडचा धडा मात्र अधिक गंभीर आहे. न्यूअर्क बे, न्यू बेडफर्ड अशा कारखान्यांच्या विषांनी भरलेल्या पाण्यातही ममीचॉग जगताना आढळले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात याचे कारण दिसले. त्यांची संख्या प्रचंड आणि आनुवंशिक विविधता भरपूर. त्यामुळे विष सोसू शकणारे काही मासे आधीपासूनच होते. निवड त्यांची झाली.

मग 'मासे जगतात, म्हणजे पाणी ठीक आहे' असे म्हणायचे का? नाही. पीसीबीसारखी विषे चरबीत साठतात आणि भक्ष्याकडून भक्षकाकडे जाताना वाढत जातात. याच पीसीबीमुळे हडसन नदीतील बासची व्यापारी मासेमारी 1976 मध्ये बंद करावी लागली. चिवट छोटा मासा स्वतः तगतो, पण अंगातले विष तो बासकडे आणि बास माणसाकडे पोहोचवतो. अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर आपण जे बाण काढतो, त्यांतून केवळ ऊर्जा जात नाही, हे मुलांना जरूर सांगायला हवे.