शय्येची वहिवाट

१७८३ सालच्या जून महिन्यातील एका रात्री लंडनच्या बोल्ट कोर्टातील आपल्या घरी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांची वाचा अर्धांगवायूने अकस्मात हरपली, तेव्हा देहाचे काय व्हायचे ते होवो, पण बुद्धी शाबूत राहो, अशी प्रार्थना त्यांनी मनातल्या मनात, आणि तीही मुद्दाम लॅटिन पद्यात रचली. ओळी बेताच्याच उतरल्या. परंतु त्या बेताच्या आहेत हे आपल्याला उमगते, एवढ्यावरून त्यांनी आपल्या बुद्धीविषयी स्वतःच निर्वाळा दिला. सकाळी चिठ्ठी लिहिताना मात्र हात भलतीच अक्षरे काढू लागला. इतकी नेमकी परीक्षा त्या काळच्या वैद्यांपैकी क्वचितच कोणी घेतली असेल. वैद्यांनी जॉन्सन यांच्या पाठीवर आणि कानापासून गळ्यापर्यंत दाहक औषधाने फोड उठवले.

वस्तुतः मेंदूतील रक्तस्राव हे या व्याधीचे एक कारण असल्याचे स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ मध्येच शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले होते. पण उपचारांत त्याने फारसा फेरफार झाला नाही. रक्त काढावे, रेच द्यावा आणि रोग्यास निजवून ठेवावे, ही वहिवाट चालूच राहिली. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा अंमल कालांतराने उठला, तरी शय्येचा हुकूम विसाव्या शतकापर्यंत कायम होता. विश्रांती म्हणून लादलेल्या या निजण्याने लुळ्या बाजूचे स्नायू तर झिजतच, शिवाय ज्या पायावर पुढे सारा भार पडायचा, तो धडधाकट पायही आठवड्या-दोन आठवड्यांत बारीक होई, आणि रोगी उठू शकत नाही याचा दोष पुन्हा रोगाच्याच माथी मारला जाई.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या जखमी सैनिकांना लवकर हालते करणाऱ्या डॉ. हॉवर्ड रस्क यांनी तोच शिरस्ता पुढे न्यूयॉर्कमध्ये नागरी रुग्णांना लावला. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ मध्ये अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. हातापायांची दाद अशी उशिरा का होईना लागली. बुद्धीची त्याहूनही उशिरा लागली. लहानलहान आघात साचून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाला हॅचिन्स्की, लासेन आणि मार्शल यांनी १९७४ मध्ये स्वतंत्र नाव दिले. तोवर असा रोगी नातवाला ओळखेनासा झाला की घरची माणसे म्हातारचळ म्हणत, आणि दवाखान्यात रक्तवाहिन्या कठीण झाल्याचे कारण लिहून मामला दाखल दफ्तर केला जाई.