नव्या विंडोजमधला जुना पेजमेकर

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, दशक्रिया विधीचे पत्रक, गावच्या यात्रेचे हँडबिल. राहात्यासारख्या तालुक्याच्या गावात डीटीपीचा धंदा या कामांवर उभा राहिला. या कामांची रीत ठरलेली असते: मागच्या वर्षीची फाईल उघडायची, नावे, तारखा आणि आकडे बदलायचे, छपाईला पाठवायचे. फाईल जुनी, म्हणून ती उघडणारा प्रोग्रॅमही जुनाच लागतो. बहुतेक वेळा तो असतो पेजमेकर.

पेजमेकर 1985 साली ॲल्डस कंपनीने मॅकिंतॉशसाठी आणला. 1994मध्ये ॲल्डस ॲडोबीकडे गेली आणि 2001ची 7.0 ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. मराठीत तो रुजला श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांच्या फाँटमुळे. त्या फाँटमध्ये 256च जागा असत. देवनागरीची जोडाक्षरे, काना, मात्रा, रफार यांचे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या जागी बसवले जात. पडद्यावर सुरेख मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच होती. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की अगम्य चिन्हे उमटत.

यावर उपाय ठरला युनिकोड, म्हणजे साऱ्या लिप्यांसाठी एकच सामाईक मांडणी. त्याची पहिली आवृत्ती 1991ची. विंडोज 2000पासून देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. तिथला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. पेजमेकर मात्र युनिकोडपर्यंत कधी पोचलाच नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय 2012च्या सीएस6मध्ये झाली. तोवर दुकानोदुकानी वर्षानुवर्षांच्या फाइली साठल्या होत्या.

त्या फाइली उघडायच्या तर जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवावा लागतो. ही युक्ती पेजमेकरहून बरीच जुनी आहे. 1964मध्ये आयबीएमने सिस्टिम/360 आणली, तेव्हा बऱ्याच गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम 1401 या जुन्या यंत्रासाठी लिहिलेले होते. ते पुन्हा लिहिण्याचा खर्च कोण सोसणार? म्हणून 360च्या लहान मॉडेलांना 1401चे हुकूम समजतील अशी सोय आयबीएमने यंत्रातच केली. त्याच दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवण्याचा प्रयोग यशस्वी झाला. 1985च्या इंटेल 80386 चिपने डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी अशीच सोय घरगुती संगणकात आणली. 2009मध्ये विंडोज 7च्या व्यावसायिक आवृत्तीत ‘एक्सपी मोड’ आला, म्हणजे नव्या विंडोजच्या आत चालणारी पूर्ण विंडोज एक्सपी. आज व्हर्च्युअलबॉक्स तेच काम फुकट करतो.

अडचण येते ती ठरावीक ठिकाणी. 64-बिट विंडोज 32-बिट प्रोग्रॅम चालवते, 16-बिट मुळीच चालवत नाही. आणि विंडोज 11 फक्त 64-बिटच आहे. मराठी पॅकेजसोबत मिळणाऱ्या जुन्या डाँगलचा, म्हणजे संगणकाला जोडायच्या किल्लीचा, 32-बिट ड्रायव्हरही तिथे चालत नाही. प्रोग्रॅम बसतो, पण कुलूप उघडत नाही. अशा वेळी आभासी यंत्रात एक्सपी चालवणे हा चांगला उपाय, आणि ती इंटरनेटला जोडायची नाही, कारण 2014पासून तिला सुरक्षेची नियमित दुरुस्ती मिळत नाही.

पण हा उपाय प्रोग्रॅम वाचवतो, मजकूर नव्हे. त्या फाइलींची पीडीएफ केली तरी आत बहुधा तीच रोमन चिन्हे राहतात. तिच्यात ‘राहाता’ शोधले तर सापडत नाही. राहाता तालुक्यातल्या लोणीने सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. या भागातल्या सहकाराचा अलीकडचा इतिहास अशाच अहवालांत आहे, आणि तो शोधता येत नसेल तर अभ्यासकाच्या हाती काय लागणार?

म्हणून डीटीपीवाल्यांना आणि संस्थांच्या चिटणीसांना विनंती: जुना प्रोग्रॅम चालतोय तोवरच मजकूर फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये काढून घ्या. रफार, जोडाक्षरे आणि आकडे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. पुढच्या वर्षीचा अहवाल युनिकोडमध्येच जुळवा.