सापशिडीतली मास्टर्स

परवा डोंबिवली फास्टमध्ये सोसायटीतले एक काका भेटले. मुलगा इंजिनिअर झालाय, नोकरीही बरी आहे, आणि आता म्हणतो गेम डिझाईनमध्ये मास्टर्स करायचंय. "तू आयटीतला. तूच समजाव त्याला. खेळात कसली आलीय मास्टर्स?" मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. कोडिंग येतंय ना? मग गेम बनवायला वेगळी डिग्री कशाला?

रविवारी मुलगा घरी आला. येताना कागदावर ७२ घरांचा एक पट काढून घेऊन आला. साप, शिड्या, प्रत्येक घराला नाव. "दादा, याचा प्रोग्रॅम किती वेळात लिहशील?"

"अर्धा तास."

"आणि कुठला साप कुठे ठेवायचा, हे कोण ठरवणार?"

इथे आमची गाडी अडकली.

तो पट म्हणजे आपल्या सापशिडीचा पूर्वज. मराठीत मोक्षपट, उत्तरेत ग्यान चौपर. दुर्गुणांच्या घरी साप, सद्गुणांच्या घरी शिड्या. गंमत पुढे आहे. याने काढलेल्या पटात वैकुंठ शेवटच्या घरात नाहीच, ते आहे ६८ व्या. ५४ व्या घरात भक्तीची शिडी लागली तर थेट तिथे पोचता. पण ६८ चुकवून पुढे गेलात, तर ७२ व्या घरात तमोगुणाचा साप बसलाय. तो तुम्हाला ५१ व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. म्हणजे नुसतं पुढे पळून मोक्ष मिळत नाही! हे कुठे उपदेश म्हणून लिहिलेलं नाही. फासा टाकता टाकता खेळणाऱ्याला आपोआप कळतं.

१८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडच्या बाजारात आला. पुढे घरांची नावं गळत गेली, १०० हे शेवटचं घर म्हणजेच जिंकणं झालं. साप तेच, फासा तोच, पण खेळ काहीच सांगेनासा झाला. कोड म्हणाल तर दोन्हीचा जवळजवळ सारखाच.

आता तुम्ही म्हणाल, हा खेळ तर ज्ञानेश्वर माऊलींनी शोधला. फॉरवर्ड मलाही आलाय. परंपरा तसं सांगते खरी, पण माऊलींचा काळ तेराव्या शतकाचा, आणि साल लिहिलेले जे पट हाती आहेत ते अठराव्या शतकापासूनचे. मधल्या पाचशे वर्षांचं काय? असे प्रश्न नेटाने विचारणं म्हणजेच अभ्यास. पश्चिम भारतातल्या याच पटांवर याकोब श्मिट-मॅडसेन या डॅनिश संशोधकाने २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात पीएचडी केली. आमच्या आजीच्या ट्रंकेत सापडावा असा खेळ, आणि डॉक्टरेट डेन्मार्कला!

मुळात हा विषय विद्यापीठांत आला तोच उशिरा. अमेरिकेत कार्नेगी मेलनमध्ये रँडी पॉश आणि डॉन मॅरिनेली, एक कॉम्प्युटरवाला आणि एक नाटकवाला, यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी मास्टर्सचा कोर्स काढला. पॉशच्या वर्गात चित्रकार आणि प्रोग्रॅमर एकाच टीममध्ये कोंबायचे आणि दोन-दोन आठवड्यांत एकेक आभासी जग उभं करायला लावायचे. 'गेम स्टडीज' हे संशोधनपत्र निघालं २००१ साली. आपल्याकडे एनआयडीच्या बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाईनचं एम.डेस. आहे.

विषय नवा, पण वस्तू जुनी. किती जुनी? आपल्या कल्याणचंच घ्या. पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये या बंदराचं नाव 'कल्लिएना' असं येतं. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर जुन्नरला जायचा. त्या घाटात खडकावर ओळीने कोरलेले खळगे आहेत, बिया किंवा खडे टाकून खेळायचे. नेमके कधी कोरले ते सांगणं अवघड. पण कुणीतरी चढून दमला होता, हाताशी दगड होता, आणि त्यातून दोघांना गुंतवून ठेवेल असं काहीतरी त्याने तयार केलं. डोंबिवली फास्टमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटणारे ग्रुप तेच करतात. डाव सीएसटीच्या आत संपला पाहिजे, मधे ठाण्याला कुणी उतरलं तरी मोडता कामा नये. आजच्या भाषेत याला डिझाईन कन्स्ट्रेंट म्हणतात.

असो. मुलाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. डिग्री म्हणजे नोकरीची हमी नाही, तेव्हा कर्जाचा हिशोब आधी मांड. आणि अर्ज करण्याआधी कागदावरचे तीन खेळ बनव, अनोळखी माणसांना खेळायला दे आणि ते कुठे कंटाळतात ते गप्प बसून बघ. त्यातही मजा आली, तर जा.

सोमवारी काका पुन्हा गाडीत भेटले. "काय, समजावलंस का?"

"समजावायला गेलो होतो काका, पण ६८ वरून पुढे गेलो."

त्यांना काही कळलं नाही. ठाण्यापर्यंत सगळा पट सांगावा लागला. उतरताना म्हणाले, "रविवारी मलाही दाखव रे तो खेळ."