खळ्यावरची बैठक

कल्याणजवळच्या आंबिवलीत आमच्या आगरी घरापुढे पूर्वी बाग नव्हती, खळं होतं. भातकापणी झाली की आजी जमीन चोपण्याने ठोकून घट्ट करायची, शेणाने सारवायची. मधोमध मेढ रोवून तिच्याभोवती बैल फिरवत मळणी व्हायची. भात कणगीत गेलं की तीच जागा मोकळी. मग रात्री गोधड्या पसरून गप्पा, आणि लग्नसराईत मांडव. हळदीच्या रात्री तिथेच धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, गायची, ढोलकी घुमायची. बसायला सोय एकच, ओटा.

रेल्वे 1854 मध्ये कल्याणला आली, पुढे मोहोन्याला रेयॉनचा कारखाना उभा राहिला. पगार आला, तशी शेती मागे पडली. बैल गेले, खळ्याला काम उरलं नाही. वडिलांनी तिथे कोबा केला, मी पेव्हर ब्लॉक बसवले, कोपऱ्यात लोखंडी झोपाळा टांगला. पावसाळ्यात पाणी तुंबू लागलं, उन्हाळ्यात पाय भाजू लागले.

यंदा निम्मे ब्लॉक उखडले. तिथे माती, कडेला अबोली आणि तुळस. पाणी आता जिरतं. पाहुणे मात्र झोपाळा सोडून ओट्यावरच बसतात.