पुसलेली नोंद

मस्टरवर नावापुढे शून्य भरणे निराळे, ते घर कोरे ठेवणे निराळे, आणि नावच मस्टरवरून काढणे त्याहून निराळे. हा भेद कामगाराला कोणी शिकवावा लागत नाही. पहिल्याने एका दिवसाची मजुरी बुडते, शेवटच्याने भाकरीच जाते. यंत्राला मात्र तो शिकवावा लागला. त्याचाच हा लहानसा इतिहास.

१९८५ साली स्टीव्ह जॉब्स ॲपलमधून बाहेर पडले व त्यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली. तिने ब्रॅड कॉक्स व टॉम लव्ह यांची ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा पत्करली. १९९४ च्या ओपनस्टेप आराखड्यात नोंदींच्या दोन वह्या होत्या. एनएसडिक्शनरी ही मोहोरबंद; एनएसम्यूटेबलडिक्शनरी ही खाडाखोडीची. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले, आणि २००८ पासून याच वह्या आयफोनची ॲप्स लिहिणाऱ्यांच्या हाती आल्या.

वहीत प्रत्येक किमतीला एक किल्ली असते. त्याच किल्लीवर नवी किंमत ठेवली, की वहीत जुनीची खूणही उरत नाही. ‘सेटऑब्जेक्ट’ या आज्ञेने ‘निल’, म्हणजे काहीच नाही, भरू गेल्यास वही हरकत घेते. ती हरकत कोणी हाताळली नाही, तर ॲप बंद पडते. तेच निल ‘सेटव्हॅल्यू’ने दिले, तर हरकत नाही, आवाज नाही, नोंदच निघून जाते. घर आहे पण कोरे आहे, एवढेच सांगायचे तर ‘एनएसनल’ ही वस्तू मुद्दाम ठेवावी लागते.

२०१४ साली स्विफ्ट भाषा आली. वही बदलणारी की न बदलणारी, हे ‘व्हार’ वा ‘लेट’ लिहून आधीच सांगणे तिने भाग पाडले. पण किल्लीवर निल ठेवले की नोंद जाते, हे तेथेही राहिले.

आता म्हणाल, संघटनेच्या माणसाला याचे काय? आज घरोघर माल पोचवणाऱ्या पोरांची मजुरी ॲपवरच दिसते. मागची वही कोणत्याही भाषेतली असो, तिच्यात कोणीतरी किंमत ठेवतो आणि कोणीतरी ती बदलतो. कागदी वहीत जुना आकडा रेघेखाली वाचता येत असे. यंत्रालाही हे जड नाही. बदलण्याआधी जुनी किंमत, वेळ व बदलणाऱ्याचे नाव दुसऱ्या वहीत उतरवले म्हणजे झाले. तेवढे मागायला आपण यंत्राचे वैरी असण्याची गरज नाही. मात्र वही कशी चालते, हे ठाऊक असले पाहिजे.