लोकप्रिय संस्कृतीतील हॉट टब

हॉट टब म्हणजे अनेकांना एकत्र बसता येईल असे गरम पाण्याचे मोठे कुंड. अमेरिकी चित्रपट व दूरचित्रवाणीवर ते विलासी राहणीचे प्रतीक म्हणून येते. अंग स्वच्छ करणे हा त्याचा हेतू नसतो. त्यातील पाणी दर वेळी न बदलता गाळून व जंतुनाशक घालून सुमारे ३८ ते ४० अंश सेल्सियसवर राखतात.

या प्रतीकाच्या मुळाशी मात्र एका मुलाचे आजारपण आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जकुझी बंधूंचा पाण्याचे पंप बनवण्याचा व्यवसाय होता. त्यांपैकी कँडिडो यांचा मुलगा केनेथ लहानपणीच संधिवाताने आजारी पडला. रुग्णालयातील जलोपचार त्याला घरीच घेता यावेत म्हणून कँडिडो यांनी बाथटबात ठेवता येणारा पंप तयार केला. १९५६ मध्ये तो विक्रीस आला. १९६८ मध्ये याच घराण्यातील रॉय जकुझी यांनी पाण्याचे झोत अंगभूत असलेला टब आणला व त्याला 'रोमन बाथ' असे नाव दिले. रुग्णाच्या साधनाला बादशाही थाट चढला तो असा. पुढे हे आडनावच सामान्यनाम झाले. मराठीतील हॉटेलांच्या जाहिरातींतही ते तसेच वापरले जाते.

१९८३ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात एडी मर्फी यांनी गायक जेम्स ब्राउन यांची नक्कल हॉट टबच्या प्रसंगातून केली. 'हॉट टब टाइम मशीन' (२०१०) या विनोदी चित्रपटात रया गेलेल्या हॉटेलातील टब चौघांना १९८६ सालात नेऊन सोडतो.