टोपीकरांशी व्यवहार : विश्वास आणि अंकुश

मराठ्यांच्या इतिहासात लढायांची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु राज्य हे एक मोठे खरेदीदारही असते, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तोफा, दारूगोळा, शिसे, जहाजबांधणीचे कसब यांपैकी बरेच काही सतराव्या शतकात समुद्रापलीकडून आलेल्या टोपीकरांकडून घ्यावे लागे. ज्याच्याकडून शस्त्र घ्यावयाचे तोच उद्या ते शत्रूसही देईल, ही धास्ती तेव्हापासूनची आहे. तिला मराठी राज्यकर्त्यांनी कसे तोंड दिले, याचा परामर्श येथे थोडक्यात घेण्याचे आम्ही योजिले आहे.

१६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस लढाऊ गलबते बांधण्यास आरंभ केला, तेव्हा रुई लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज आपल्या माणसांसह त्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी वळविल्यावर ही मंडळी काम टाकून निघून गेली. तथापि आरमार थांबले नाही. ते वाढतच गेले. कसब परक्याचे असले तरी किनारा, लाकूड आणि दर्यावर्दी माणसे आपली होती.

पुढचा अनुभव अधिक कडू होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा घेऊन तेथे गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून राहिलेल्या माणसाने युद्धात पक्ष घेतला. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली व तेथील इंग्रजांस कैद केले; त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली.

यावरून कोणी समजेल की महाराजांनी इंग्रजांशी संबंध कायमचा तोडला. तसे घडले नाही. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तह झाला, राजापूरच्या नुकसानीची भरपाई मान्य झाली, व्यापारास मुभा मिळाली. मात्र इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, असे कलम घालण्यास महाराजांनी नकार दिला. नाणे कसास व वजनास इतरांच्या तोडीचे असेल तर ते चालण्यास आडकाठी नाही. परंतु रयतेने तोटा सोसून ते घ्यावे अशी सक्ती आपण करणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. मैत्री मान्य, पण माल पारखून घेतला जाईल, हे यापेक्षा सभ्य शब्दांत सांगता येणे कठीण.

हाच अनुभव रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५) धोरण म्हणून उतरला. पंतांनी सावकारांचा मोठा गौरव केला आहे; व्यापाऱ्यांस आणून वसवावे, असेच त्यांचे मत आहे. परंतु टोपीकर हे इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, हे त्यांनी स्पष्ट बजावले. वखारीस जागा देणे भागच पडले तर ती किनाऱ्यावर देऊ नये, आत सखल जागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. पंत व्यापार बंद करा म्हणत नाहीत. व्यापाऱ्याचा उद्या किल्लेदार होऊ देऊ नका, एवढेच सांगतात.

पुढे हा विवेक सुटला. तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले, लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्लाही चटकन सोडला नाही. अखेर त्याच वर्षी झालेल्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला, पण बाणकोट इंग्रजांकडे राहिले. किनाऱ्याची जागाही गेली आणि समुद्रावरील आपले एक मोठे बळही गेले.

उत्तरेत महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून कवायती पलटणी उभारल्या; आग्र्यास तोफांचा कारखानाही चालला. म्हणजे सामग्री आपली झाली होती. परंतु हुकूम देणारे अधिकारी परके राहिले. १८०३ चे युद्ध सुरू होताच दौलतराव शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी कंपनीच्या आवाहनाने बाहेर पडले, आणि सेनापती पेराँनेही सप्टेंबरात चाकरी सोडली. शिपाई मात्र दिल्ली आणि लासवारी येथे शौर्याने लढले. उणीव त्यांची नव्हती.

या दीडशे वर्षांचा आम्हांस दिसणारा बोध असा : महाराजांनी परक्यांवर कमी विश्वास ठेवला आणि पुढच्यांनी अधिक ठेवला, एवढाच हा भेद नाही. परका निघून गेला तरी आपले काम चालेल काय, हा प्रश्न व्हियेगशच्या वेळी सुटलेला होता, पेराँच्या वेळी सुटलेला नव्हता. अंकुश म्हणजे संशय नव्हे. मालाची पारख, जागेची मर्यादा आणि स्वतःची तयारी या तिन्ही गोष्टी हाती असल्या, म्हणजे विश्वास मोकळ्या मनाने ठेवता येतो. आजही परदेशाहून यंत्र घेताना किंमत व मुदत यांची घासाघीस पुष्कळ होते. ते यंत्र दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे तयार होणार की नाही, हे विचारावयाचे तेवढे राहून जाते. आपल्या मंडळातील जी तरुण मुले आज कारखान्यांत आणि कचेऱ्यांत असे व्यवहार पाहत आहेत, त्यांनी हा प्रश्न प्रथम विचारावा.